दुसरी कॉपी

सोमवार, २ मार्च

आले एकदाची. खोली लाँड्रीच्या वर आहे, त्यामुळे फरशी दिवसभर कोमट असते आणि साबणाचा वास आयता मिळतो. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते. भिंत स्वच्छ आहे, याहून जास्त कौतुक तिचं करता येणार नाही. ताईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, बरं झालं, कपडे खालीच इस्त्रीला देत जा, तू धांदरट आहेस, पुन्हा हात भाजून घेशील. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी आहे आणि तिच्या मते मी अजून सातवीतच आहे.

हात भाजला तो सातवीत. उजव्या मनगटावर डाग अजून आहे. आईनं हात नळाखाली धरला आणि मोठ्यानं आकडे मोजायला लागली, शंभर झाले की पुन्हा एकपासून. तिसऱ्या शंभराला मला रडायचाच कंटाळा आला. तिचा पदर भिजून चिंब झाला होता आणि तरी ती मोजतच होती.

आता नोकरीबद्दल. इथे म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करतात. घरचे लोक आजी-आजोबांना घेऊन येतात, त्यांना एका खुर्चीत बसवतात, मॅडम कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला बसून प्रश्न विचारतात आणि ते तासभर बोलतात. मॅडम म्हणजे मालकीणबाई. कॅमेरा चालवणारा इतका उंच आहे की सगळे त्याला लंबूच म्हणतात. माझं काम कार्डांचं. कॅमेऱ्यात जे मेमरी कार्ड घालतात ते काडेपेटीएवढं, पण हातात घेतलं की भरीव लागतं. अशी चोवीस कार्डं आहेत, प्रत्येकावर पांढऱ्या रंगानं नंबर. भरलेल्याला लाल पट्टी, रिकाम्याला हिरवी.

मॅडमनी नियम समजावला. कार्डातलं सगळं दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवायचं. दोन्हीकडच्या क्लिप मोजायच्या, प्रत्येकीची सुरुवात आणि शेवट डोळ्यांनी पाहायचा, रजिस्टरमध्ये दोन खुणा करायच्या आणि मगच कार्ड पुसायचं. एक कॉपी म्हणजे काहीच नाही, असं त्या म्हणाल्या, आणि दोन झाल्या की मूळ ठेवणं म्हणजे नुसती अडगळ.

बुधवार, ४ मार्च

काम आवडलं. सात वर्षं फोटो छापायच्या दुकानात काढली, पण तिथे लोक हसताना थांबलेले असायचे. इथे ते हसून झाल्यावर पुढे काय करतात तेही दिसतं. सगळे कॅमेऱ्याच्या किंचित डावीकडे बघत बोलतात, कारण मॅडम तिथे असतात. दोन दिवसांत मलाही ती सवय लागली. आज चहावाल्याशी बोलताना त्याच्या कानाकडे बघत होते.

लंबू म्हणतो, कार्ड पुसलं तरी आतलं पुसलं जात नाही. फक्त यादी जाते, माल तिथेच असतो. त्यावर नवीन काही चढलं की मग तो जातो. म्हणजे माझ्यासारखंच, असं मी म्हटलं, तर बिचारा हसावं की नाही या विचारात पडला.

आज पेन्सिलीला टोक काढताना बाबांची आठवण आली. रविवारी सकाळी जमिनीवर वर्तमानपत्र पसरायचे आणि आम्हा दोघींच्या आठवड्याभराच्या पेन्सिली ब्लेडनं तासायचे. डाव्या अंगठ्याचं नख काळं होतं, कधीतरी दारात चेमटलेलं. प्रत्येक टोक त्या नखावर टेकवून बघायचे आणि मगच पुढची पेन्सिल घ्यायचे. जाऊन पाच वर्षं झाली, आईला तीन. टोक काढायचं यंत्र हातात धरलं की अजून अपराध्यासारखं वाटतं.

खारूबद्दल या वहीत लिहिणार नाही. माझी लेक, आठ वर्षांची, सारखी तुरुतुरु पळते म्हणून खारू. शाळेत प्रवेश मिळेपर्यंत ताईकडे आहे. तिच्याबद्दल दोन ओळी लिहायला घेतल्या की डोळे भरून येतात आणि शाई फुटते, तेव्हा नकोच.

सोमवार, ९ मार्च

आज घड्याळकाका आले. पन्नास वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. त्यांची लेक घेऊन आली होती, चाळिशीची, शांत. तिनं बाहेर मॅडमना हळूच सांगितलं की बाबा विसरायला लागलेत, डॉक्टर म्हणतात आता फार वेळ नाही, आठवतंय तोवर घेऊन ठेवा.

मी दारात उभी राहून सगळं ऐकलं, खरं तर माझं काम नव्हतं ते. त्यांची बायको लग्नाआधी तीनदा घड्याळ बंद पडलं म्हणून दुकानात आली होती. तिसऱ्या वेळी त्यांनी झाकण उघडलं तर घड्याळ ठणठणीत, तिनं फक्त किल्ली दिली नव्हती. ते काहीच बोलले नाहीत, घड्याळ आठ दिवस ठेवून घेतलं, म्हणजे ती न्यायला परत येईल. हे सांगताना त्यांचे हात हवेत किल्ली देत होते. चोपन्न मिनिटं बोलले. लेक भिंतीला टेकून रडत होती आणि हसत होती. कार्ड नंबर चौदा.

मंगळवार, १० मार्च

शाळेचा फोन आला, प्रवेश मिळाला. कार्ड उतरवत होते तेव्हाच आला. बाई कागदपत्रं सांगत गेल्या आणि मी एका हातानं लिहून घेत गेले. खारू रविवारी बावीस तारखेला येणार, ताई घेऊन येईल. इतका आनंद झाला की लंबूला बिस्किटाचा अख्खा पुडा देऊन टाकला. त्याला दुपारच्या रेकॉर्डिंगला कार्ड हवं होतं, म्हणून चौदा नंबर पुसून, हिरवी पट्टी लावून दिलं.

शुक्रवार, १३ मार्च

लिहून टाकते.

घड्याळकाकांची लेक आपली प्रत न्यायला आली. डिस्क लावली. फोल्डर होतं, त्यात एकच क्लिप, चार मिनिटांची. काका कॉलर सारखी करतात, पाणी मागतात, संपलं. दुसरी डिस्क लावली. तीच चार मिनिटं. उतरवणं मध्येच तुटलं होतं, दोन्ही वेळा. मी क्लिप मोजल्याच नव्हत्या. फोल्डरची नावं दिसली आणि फोन कानाला धरून दोन खुणा करून मोकळी झाले. रजिस्टरमध्ये माझ्याच अक्षरात आहेत त्या.

मॅडमना सांगितलं की कार्ड खराब निघालं. खोटं बोलले. ही नोकरी गेली तर शाळा जाईल, खोली जाईल आणि खारू ताईकडेच राहील. मॅडम म्हणाल्या, सोमवारी त्यांना पुन्हा बोलावू, फुकट करून देऊ. लेक पर्सचा बंद नुसता बोटाला गुंडाळत राहिली.

सोमवार, १६ मार्च

काका आले, त्याच खुर्चीत बसले. मॅडमनी तेच प्रश्न विचारले. त्यांनी हातातलं घड्याळ कानाला लावलं आणि म्हणाले, छान चालतंय. लेकीनं आईचा फोटो दाखवला, तर कोण या बाई, असं अगदी आदरानं विचारलं. एका आठवड्यात गेलं सगळं. पन्नास मिनिटं होती ती, आणि ती मी पुसली.

जाताना ते माझ्यापाशी थांबले. खिसे चाचपले, एकेक करून सगळे, आणि म्हणाले की माझं काहीतरी इथे राहिलंय, तुम्ही बघून ठेवाल का. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते. घरी येऊन खूप रडले.

मंगळवार, १७ मार्च

पुसलेलं परत काढायचं सॉफ्टवेअर लंबूकडून घेतलं. चौदा नंबरवर दहा तारखेला दुपारी दुसऱ्या आजींचं रेकॉर्डिंग चढलंय, पण एक कोपरा तरी उरला असेल अशी आशा होती. जेवणाच्या सुट्टीत लावलं. एक क्लिप सापडली, तेवीस मिनिटं.

काकांची नाही. एक माणूस जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसलाय आणि ब्लेडनं पेन्सिली तासतोय. डाव्या अंगठ्याचं नख काळं आहे. टोक नखावर टेकवून बघतो आणि पुढची घेतो. मधून मधून वर बघून हसतो, कॅमेऱ्याच्या किंचित डावीकडे. आवाज नाही. लंबू म्हणाला, हे आपलं नाही, आपण खुर्चीशिवाय कुणालाच घेत नाही. कार्ड आधी कुणाकडे तरी असेल, त्यांच्या घरचं कुणी असावं. माणूस चांगला वाटला. का कोण जाणे, तेवीसच्या तेवीस मिनिटं बघितली मी.

शुक्रवार, २० मार्च

पुन्हा सॉफ्टवेअर लावलं. आणखी एक क्लिप आलीय, अठरा मिनिटांची. मंगळवारी नव्हती.

नळ. नळाखाली लहान मुलीचा हात. दुसरा मोठा हात तो धरून आहे, बाईचा. तिचा पदर भिजलाय. ती काहीतरी म्हणतेय, ओठांवरून आकडे वाटतात. चेहरा माझ्या ओळखीचा नाही. पण कॅमेरा जिथे असायला हवा तिथेच त्या मुलीचं डोकं असणार. म्हणजे हे तिच्याच डोळ्यांनी घेतलंय.

हात वळला तेव्हा मनगट दिसलं. भाजल्याची ताजी खूण, चपटी, एका बाजूला टोक असलेली. मी माझी बाही वर केली.

तोच डाग आहे. आणि मला हा कसा पडला ते आठवत नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी

वही पहिल्यापासून वाचली. दोन तारखेला मी आई लिहिलंय. चार तारखेला बाबा, पेन्सिली, काळं नख. अक्षर माझं. वाचताना काहीच हललं नाही आतून. दुसऱ्या कुणाचे आईवडील असावेत, असं.

मला आई होती हे कळतं, सगळ्यांनाच असते. तिचा चेहरा आणायला जाते तर तिथे नुसती फरशी धुतल्यासारखं स्वच्छ आहे.

रविवार, २२ मार्च

खारू आली. जिना चढायच्या आधीच तिचा आवाज ओळखला मी, आणि पायऱ्यांवरच बसून रडले. ताईला वाटलं आनंदानं. होताच आनंद.

ताईनं आई-बाबांचा फोटो आणलाय भिंतीवर लावायला. मी छान आहे म्हटलं. ती बघतच राहिली. मग खारूला खिडकीशी बसवून ताईला सगळं सांगितलं, की मी विसरतेय, या वहीत लिहिलेलं आहे म्हणून निदान कळतं तरी. ताई म्हणाली, उद्याच्या उद्या डॉक्टर गाठ, दगदगीनं होतं असं. रागावली, मग मला जवळ घेतलं, मग पुन्हा रागावली. तिला मी ओळखते. ताई कार्डावर नाही.

मला आजीचा जाड काचांचा चष्मा आठवतो. तो वहीतही नाही आणि —

हे लिहायला नको होतं.

सोमवार, २३ मार्च

आता समजलं. जेवणाच्या सुट्टीत, रजिस्टरमध्ये दोन खुणा करत असताना समजलं. कार्डावर एक कॉपी. वहीत दुसरी. दोन झाल्या की मूळ पुसायचं.

ते नियमानं चाललंय. माझ्यासारखं नाही. मोजून, तपासून.

तेवीस आणि अठरा, एक्केचाळीस. काकांच्या पुसलेल्या पन्नासला नऊ कमी होती. आज सॉफ्टवेअर लावलं आणि ती नऊ आली. तिसरी क्लिप. खारू आहे. काय करतेय ते लिहिणार नाही. कुठे, केव्हाचं, काहीच लिहिणार नाही. बघितलं आणि ओळखलं, ओळखलं कारण वहीत ते नाही. रडू येतं म्हणून लिहिलं नव्हतं मी. तेवढंच वाचवतंय.

संध्याकाळी निघताना घड्याळकाकांच्या लेकीचा फोन. बाबा बोलायला लागलेत, म्हणाली. खुशीत होती आणि घाबरलेलीही. पण जे सांगतात ते आमच्या घरी कधी घडलंच नाही. वर्तमानपत्रावर पेन्सिली तासायचो म्हणतात. पोरीचा हात भाजला, नळाखाली धरला, शंभरपर्यंत मोजलं म्हणतात. माझा हात कधी भाजलाच नाही हो. कुणाची दुसरी प्रत तर नाही ना दाखवलीत तुम्ही त्यांना?

मग म्हणाली, आणि रोज दाराशी खुर्ची टाकून बसतात. खारू अजून कशी आली नाही, विचारतात. ही खारू कोण?

मी फोन ठेवला.

मंगळवार, २४ मार्च

मॅडमना खरं सांगितलं. फोन, खुणा, सगळं. त्यांनी रजिस्टर उघडून त्या दोन खुणा पाहिल्या. म्हणाल्या, नोकरीचं महिनाअखेरीस बघू, आता त्यातलं काही परत येणार नाही. घड्याळकाकांच्या लेकीलाही मी फोन करून सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

वाटलं होतं कबूल केलं की थांबेल. कार्ड लावलं. तीन क्लिप. पन्नास मिनिटं.

कार्ड फोडायचं होतं. हातोडी घेतली होती लंबूची. पण त्यावर खारू आहे — एक कॉपी गेली तर मुळाचं काय होतं, ते नियमात नाही. धीर झाला नाही. ड्रॉवरमध्ये ठेवलं.

वही जाळायची होती. पण आई आणि बाबा आता फक्त इथे आहेत. मला ते कोण ते माहीत नसलं तरी. त्यांना कसं जाळू.

तर एकच. खारूबद्दल लिहायचं नाही. एक ओळ नाही, कधीच नाही. वही आजपासून बंद. कपाटावर, बॅगेच्या मागे.

खारू विचारत होती, आई, तू रोज लिहायचीस, आता का नाही लिहीत. म्हटलं, कंटाळा आला. तिनं माझ्या गालाला हात लावला आणि म्हणाली —

नाही. लिहायचं नाही.

गुरुवार, २६ मार्च

वही टेबलावर होती. कपाटाशी खुर्ची ओढलेली.

मागच्या पानावर कुणीतरी लिहिलंय. पेन्सिलीनं, मोठं, ओळीच्या वर-खाली जाणारं अक्षर. टोक छान काढलेलं असणार. उतरवते, म्हणजे नीट कळेल —

‘आई विसरते म्हणून मी लिहून ठेवते. मी झोक्यावरून पडले तेव्हा माझी हनुवटी फाटली. मी लाल रेनकोट घातला होता. आईने मला उचललं आणि पळत दवाखान्यात नेलं. तिची एक चप्पल रस्त्यात राहिली. डॉक्टरांनी तीन टाके घातले. आईने सांगितलं की माझ्याकडे बघ, दुसरीकडे बघू नको. मी बघितलं. आता आई हे विसरणार नाही.’

चांगलं लिहिलंय. कुणाची मुलगी असेल. आईचा खूप जीव दिसतो तिच्यावर.

त्याच्या आधीच्या पानावर माझं अक्षर आहे. खारूबद्दल लिहायचं नाही, असं. खाली दोन रेघा.

खारू कोण — हे मी आणखी कुठेतरी ऐकलंय, फोनवर —

दारात एक मुलगी उभी आहे. शाळेचा गणवेश, पाठीला दप्तर. चुकून वर आली असेल, लाँड्रीत कुणाबरोबर तरी. हसतेय माझ्याकडे बघून. वही वाचलीस का, विचारतेय. तिला खाली सोडून यायला हवं, घरचे शोधत असतील. नाव विचारलं तर हसायची थांबली.

जवळ येतेय. म्हणते, माझ्याकडे बघ, दुसरीकडे बघू नको. तिच्या हनुवटीवर तीन